बसलेल्या बाईचं वजन

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाईच्या मूर्तीचे फोटो पोचले. आर्मेचर, म्हणजे मातीच्या आतला सांगाडा, भक्कम बांधलंयस, घोटे आणि गुडघे जमलेत, मातीवर हात आता घाबरत नाही. बघून बरं वाटत होतं, तेवढ्यात खाली तुझं वाक्य वाचलं: 'मॅडम, यातून मला सौंदर्याच्या कल्पनांना धक्का द्यायचा आहे.' तिथे मी चष्मा काढून ठेवला.

परत लावून फोटो बघितले तेव्हा दिसलं की धक्का आधी ठरलाय आणि बाई मागून आलीय. पोटावर वळ्या, मांड्यांवर बाळंतपणाच्या रेघा, ओघळलेले स्तन, दंडाची लोंबती कातडी. वाण्याकडे यादी घेऊन गेल्यासारखं एकेक आणून चिकटवलंयस. ती कोणत्या पायावर भार देऊन उभी आहे, हे मात्र मला अकरा फोटोंत कळलं नाही.

प्रेरणा म्हणून तू चिनी शिल्पकार श्यांग जिंगचं 'तुझं शरीर' पाठवलंस, तर तिच्यापासूनच सुरुवात करू. फोनवर ते शिल्प तुझ्या अंगठ्याएवढं दिसतं. आता टेप घे आणि खोलीच्या भिंतीवर २.७ मीटरवर खूण कर. जवळजवळ नऊ फूट. तुझ्या खोलीचं छत बहुतेक तिथेच असेल. एवढी उंच ती बसलेली असताना आहे. २००५ सालचं काम, फायबरमध्ये ओतलेलं आणि वरून रंगवलेलं. डोक्यावर केस नाहीत, अंगावर काही नाही, पाय फाकलेले, खांदे सैल. दिवसभराचं उरकून घरी आल्यावर, दार लावून घेतल्यावर माणूस बसतं तशी ती बसलीय. तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचायला आपल्याला मान वर करावी लागते. आणि मान वर केली तरी ती आपल्याकडे बघत नाही.

यात कुरूप काय आहे, सांग. मी पुष्कळ वेळा शोधलं. मला काही सापडलं नाही. कातडी कातडीसारखी आहे, वजन खाली ओढतंय म्हणून मांस खाली आलंय, एवढंच. लोक दचकतात ते ती दिसते कशी म्हणून दचकत नसावेत. नग्न बाईचं शिल्प म्हटल्यावर आपण एक अपेक्षा घेऊन जातो, की ती काहीतरी देईल: लाज, लाडिकपणा, निदान दुःख तरी. ही काहीच देत नाही. टक्कल केल्यामुळे तर पकडायला केसांचा आधारही उरत नाही. ती कुठल्या घरातली, कुठल्या काळातली, लग्नाची की बिनलग्नाची, हे सगळं आपण केसांवरूनच तर ओळखतो.

श्यांग जिंगचा जन्म १९६८ चा, बीजिंगचा. १९९५ मध्ये तिथल्याच सेंट्रल अकादमी ऑफ फाईन आर्ट्सच्या शिल्पविभागातून ती बाहेर पडली. म्हणजे तिचं बालपण माओच्या सांस्कृतिक क्रांतीतलं. तेव्हाची आदर्श बाई म्हणजे 'पोलादी पोरगी': आखूड केस, जाड कापडाचे कपडे, पुरुषाइतकं ओझं उचलणारी. त्याच्या हजारेक वर्षं मागे जा. तांग काळातल्या थडग्यांमधल्या मातीच्या दरबारी स्त्रिया गुबगुबीत गालांच्या आहेत, आणि आठव्या शतकातली सम्राटाची लाडकी यांग ग्वेइफेइ भरल्या अंगाची म्हणूनच प्रसिद्ध. चिनी भाषेत चार अक्षरांची म्हणच आहे, एक सौंदर्यवती पुष्ट आणि दुसरी सडपातळ, अशी. पुढे कित्येक शतकं पाय बांधून लहान ठेवणं हेच सौंदर्य झालं. आणि २०१६ मध्ये चिनी समाजमाध्यमांवर मुली ए-फोर कागद उभा धरून कमरेपुढे फोटो काढत होत्या. कंबर कागदाआड लपली पाहिजे. कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर! आपल्या ऑफिसातला झेरॉक्सचा कागद रे.

हे सगळं सांगते ते अशासाठी की साचा बदलत राहतो, मोडत नाही. बारीक बाईच्या जागी जाडी बाई बसवली की धक्का बसला असं तुला वाटतंय. चीनमधल्याच ग्वांगजौचा शिल्पकार श्यू होंगफेई हे काम वर्षानुवर्षं करतोय. त्याच्या लठ्ठ बायका सायकल चालवतात, नाचतात, खिदळतात आणि देशोदेशींच्या चौकांत जाऊन बसतात. लोक शेजारी उभे राहून सेल्फी काढतात. मला त्यातल्या काही मनापासून आवडतात, त्यांच्या अंगात खरंच मजा आहे. पण काहींपुढे माझं हसू अर्ध्यात थांबतं. आपण तिच्याबरोबर हसतोय की तिला हसतोय? हा प्रश्न तू स्वतःच्या मूर्तीला विचार. श्यू पुरुष आहे, तूही आहेस. म्हणून बाईचं शरीर घडवू नकोस असं मी मुळीच म्हणणार नाही. पुरुषांनी घडवलेल्या बायका बघतच मी शिकले. आपल्या शिल्पकार म्हात्र्यांची १८९६ ची 'मंदिरपथगामिनी' मला आजही सुंदर वाटते आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. तसंच बेल्जियममध्ये राहणाऱ्या शिल्पकार लुओ ली रोंगचं. वाऱ्यावर उडणाऱ्या झग्यातल्या तिच्या ब्राँझच्या बायका तुझ्याही व्हॉट्सॲपवर येऊन गेल्या असतील. चीनमध्येच शिकलेली बाई, हातात विलक्षण कसब, आणि रूढ सौंदर्याला तिने जराही धक्का लावलेला नाही. मग ती खोटी ठरते का? नाही ठरत. तिला जे बघायचं होतं ते तिने नीट बघितलं.

तुझी अडचण वेगळीच आहे. तुझ्या बाईला ठाऊक आहे की परीक्षक येणार आहेत. मूर्तीखालचं फिरतं टेबल फिरवून बघ. समोरून सगळ्या वळ्या आणि रेघा, पाठीमागून नुसती थापलेली माती. म्हणजे तिला 'समोर' आहे, जाहिरातीच्या फलकाला असतो तसा. श्यांग जिंगचं २००७ चं एक समूहशिल्प शोध, नावाचा अर्थ साधारण असा: 'शंभर जण तुला वाजवताहेत, की एकच?' नग्न बायका गोल करून बसल्यात, सगळ्यांचे पाय मध्ये पाण्यात. बघायला कुठूनही जा, कुणाची तरी पाठच समोर येते. गोल बंद आहे, तिथे आपल्याला बोलावलेलं नाही.

आता रंगाचं. तू विचारलंस, पांढरं ठेवू की रंगवू? आपल्याकडे शिल्प रंगवलं की लोक म्हणतात, ही तर गणपतीच्या कारखान्यातली मूर्ती झाली. हा तोरा आपण संगमरवराकडून उसना घेतलाय. चीनमध्ये ताययुआनजवळच्या जिन्सी मंदिरात सोंग काळातल्या चाळीसहून अधिक रंगीत मातीच्या मूर्ती आहेत, बहुतेक सेविकांच्या. प्रत्येकीचं वय वेगळं, चेहरा वेगळा. नऊशे वर्षांहून जुन्या आहेत आणि कुणी त्यांना हलकं काम म्हणत नाही. कातडी दाखवायची असेल तर रंगव. पण एअरब्रशने एकसारखा गुलाबी फवारा मारलास तर दुकानातली बाहुली होईल. पातळ थर दे, एक सुकू दे, मग दुसरा. कोपरं, गुडघे, टाचा, बोटांची पेरं इथे रक्त जवळ असतं, तिथला रंग वेगळा. मनगटाच्या आतल्या बाजूची निळसर झाक आरशात बघू नकोस, स्वतःचा हात खिडकीजवळ धरून बघ. आणि रेझिनचं काम मास्क लावून कर. मागच्या वेळी नुसता रुमाल बांधला होतास, मी पाहिलंय.

मॉडेलबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, ते मला सगळ्यात जास्त खटकलं. १९८८ च्या डिसेंबरात बीजिंगच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात नग्न तैलचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. कडाक्याच्या थंडीत लोकांची रीघ लागली. चित्रकारांचं नाव झालं. ज्यांनी बैठका दिल्या होत्या त्या मुलींना मात्र ओळखीच्यांनी चित्रांतून ओळखलं. वर्गात बसायचं कबूल केलं होतं, शहरापुढे नव्हे, असं म्हणत मॉडेल्सनी काम बंद केलं, काही जणी कोर्टात गेल्या. धाडसी प्रदर्शन म्हणून त्याची आठवण निघते तेव्हा मला त्या मुली आठवतात.

आणि एक घरची गोष्ट. मी तुझ्या वयाची असताना आमच्या वर्गात बैठकीला एक बाई यायच्या, सकाळची चार घरची धुणीभांडी उरकून. चाळिशीच्या असतील. मी त्यांचं बसलेलं शिल्प करत होते, पोटाचा घडी पडलेला भाग मला फार आवडला होता, तीन दिवस त्याच्यावर घालवले होते. आमचे एक सर आले, वायर टूल घेतलं आणि सर्रकन ते पोट कापून काढलं. म्हणाले, 'मॉडेल जाडी असली म्हणून मूर्ती कशाला जाडी?' मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, पदर सावरत मूर्तीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, 'ताई, माझं पोट कुठं गेलं?'

मी परत लावलं नाही. गुण हवे होते. ती मूर्ती पुढे फुटली, बरंच झालं.

म्हणून सांगते, तू ज्यांना बसवलंस त्यांना एकदा बोलावून मूर्ती दाखव. चहा दे, बैठकीचे पैसे आधी दे, आणि फोटो कुठे लावणार आहेस ते स्पष्ट विचारून घे. त्या बघत असताना तू त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. मांडीवरच्या रेघा खरंच त्यांच्या आहेत का? की नेटवरून घेतल्यास? त्यांच्या नसतील तर आजच पुसून टाक. असतील तर जिथे आहेत तिथेच ठेव, प्रकाश पडेल अशा जागी सरकवू नकोस.

प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात काय लिहू, असंही विचारलंयस. उंची, माध्यम, साल. 'स्त्रीवादी' हा शब्द लावायची घाई करू नकोस. श्यांग जिंगलाही लोक ती पट्टी चिकटवत आले आणि ती त्यापासून जरा लांबच राहिली. २००९ नंतर तर ती कसरतपटू आणि प्राण्यांकडे वळली. 'हे जग बरं होईल का?' असं त्या मालिकेचं नाव, मूळ प्रश्न १९१८ मध्ये एका बापाने जीव देण्याआधी आपल्या तत्त्वज्ञ मुलाला विचारलेला. त्यातल्या कसरतपटूंची अंगं अशी वळलीत की बघवत नाही. मला विचारशील तर स्त्री-शरीराचा विषय तिने तिथे सोडला नाही, उलट जास्त आत नेला. दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी वाकवलेलं शरीर यापेक्षा उघडं कसं दाखवणार?

तुझ्या मूर्तीचं सध्या एवढंच कर: कटीपासून वर सगळं सोड, आधी भार कुठे पडतोय ते ठरव. एका पायावर असेल तर त्या बाजूचा नितंब वर जाईल, खांदा खाली येईल, पोट त्या अंगाला झुकेल. वळी आपोआप पडेल, वेगळी चिकटवावी लागणार नाही. उभं जमत नसेल तर बसव. बसलेल्या बाईचं वजन लपत नाही.

मी रविवारी दहाच्या सुमारास येते. तोवर गोणपाट ओलं ठेव, वरून प्लास्टिक गुंडाळ, यंदा ऊन फार आहे. आणि त्या बाईंना साडेदहाला बोलाव, मला भेटायचंय त्यांना.

तुझी,
मॅडम