पगार कमी आहे, तरी घरकर्जात दरमहा थोडे जादा भरतोय. पण उत्साह टिकत नाही. तुम्ही कसा टिकवलात?

तुम्ही लिहिलंय की पगार २८ हजार, कर्ज १२ लाख, मुदत वीस वर्षं. आठ महिने झाले, हप्त्यावर हजार रुपये जादा भरताय, पण ॲप उघडलं की शिल्लक कर्जाचा आकडा जागचा हललेला दिसत नाही, आणि आता हे हजार रुपये टोचायला लागलेत. आकडा हलणार नाहीच. सुरुवातीची काही वर्षं तो माणसाला रडवतोच. मी तो बघणं सोडलं तेव्हा कुठं आमची गाडी रुळावर आली.

आमचं सांगतो. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. बायको घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. दोघांचं मिळून छत्तीस-सदतीस हजार, लग्नसराईत थोडं वर. फेब्रुवारी २०२१ मध्ये पाचगावला वन बीएचके घेतला. कर्ज १५ लाख, वीस वर्षं, ७ टक्के, हप्ता ११,६२९. तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ४ टक्के होता आणि आमचा व्याजदर त्यालाच बांधलेला. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो वाढवायला घेतला, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. आमचे ७ चे साडेनऊ झाले. खात्यातून हप्ता मात्र तेवढाच कटत होता, म्हणून आम्ही आपले निवांत.

मग एका रविवारी मी स्टेटमेंट काढलं. हप्ता ११,६२९. त्यात व्याज ११,३७० आणि मुद्दल २५९.

मला वाटलं छपाई चुकली. बायकोला दाखवलं. तिनं कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "अहो, एवढे तर मी अस्तराच्या एका ब्लाऊजचे घेते." पुढं बँकेनं बोलावून सांगितलं की या हप्त्यानं तुमचं कर्ज निवृत्तीच्या आधी फिटत नाही, हप्ता १३,९०० करा. केला. दुसरा इलाजच नव्हता.

त्या ब्लाऊजच्या हिशेबानं आम्ही पेटलो आणि साठवलेले दहा हजार नेऊन भरले. दंडबिंड काही लागला नाही. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच बंद केलाय, हे तुम्हाला माहीत असेलच. पण पुढच्या महिन्यात बघतो तर हप्ता १३,८०३! काउंटरवरच्या माणसानं मला न विचारता मुदत तशीच ठेवून हप्ता ९७ रुपयांनी कमी केला होता. दहा हजारांचं फळ काय, तर सत्त्याण्णव रुपये. त्या दिवशी माझा उत्साह तुमच्यासारखाच पार मेला होता. मग लेखी अर्ज दिला की हप्ता पहिल्याएवढाच ठेवा, मुदत कमी करा. तुम्हीही एकदा तपासा, तुमचे हजार कुठं जातायत. काही ठिकाणी ते नुसते आगाऊ हप्ता म्हणून पडून राहतात.

अर्ज मंजूर झाल्यावर परतफेडीचा नवा तक्ता हातात आला, आणि खरी गंमत तिथं कळली. जुना तक्ता फेब्रुवारी २०४१ ला संपत होता. नवा त्याच्या जवळजवळ चार हप्ते आधी. म्हणजे दहा हजार भरले आणि शेवटचे पंचावन्न हजार उडाले. कारण साधं आहे. आज मुद्दलातून गेलेल्या रुपयावर पुढची अठरा वर्षं व्याज चढत नाही. हेच दहा हजार कर्जाची पाच वर्षं उरलेली असताना भरले असते, तर एखादा हप्ता आणि वर चिल्लर, एवढंच सुटलं असतं. लोक उलटं करतात. सुरुवातीला फर्निचर, आणि शेवटी पगार वाढल्यावर कर्ज फेडायची घाई.

मी तो जुना तक्ता कंपनीसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. सहा पानं, चिकटवून लांब पट्टी केली आणि कपाटाच्या दाराला आतून लावली. बायकोनं शिवणाचा खडू घेऊन खालच्या चार ओळी खोडायला घेतल्या, पण कागदावर खडू उठेना. मग मुलीचा लाल स्केचपेन आला. तेव्हापासून रीत ठरली. नेहमीचा हप्ता गेला की वरची एक ओळ पेन्सिलीनं, जादा भरलं की खालच्या ओळी लाल रंगात. खालून खोडायचा मान बायकोचा, कारण जादा पैशात तिच्या ब्लाऊजचे पैसे जास्त असतात. (एकदा मी घाईत खोडल्या, तर दोन दिवस बोलली नाही.)

म्हणून म्हणतो, शिल्लक रकमेऐवजी शिल्लक हप्ते मोजा. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलंय की दर तिमाहीच्या पत्रकात किती हप्ते उरले हे दाखवायचं. तोच एक आकडा बघायचा. बाकीचे बघून पोटात गोळा येतो.

आता पैसे आणायचे कुठून? पहिल्या महिन्यात मी शूरपणा करून रविवारचं अर्धा किलो मटण बंद केलं. महिन्याला दीडेक हजार वाचणार होते. दोन रविवार कसेबसे गेले. तिसऱ्या रविवारी शेजारच्या घरातून पांढऱ्या रश्श्याचा वास आला आणि आमच्या ताटात मेथी. मुलगी काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. कोल्हापुरात राहून रविवार मारायचा म्हणजे शिक्षाच की. चौथ्या रविवारी मटण परत आलं. तेव्हापासून रोजच्या जगण्यातून ओरबाडून भरणं आम्ही सोडलं. जे महिन्याच्या हिशेबात नव्हतंच तेवढंच भरायचं, म्हणजे दिवाळीचा बोनस, ओव्हरटाइमचे पैसे आणि लग्नसराईतल्या शिलाईतला निम्मा भाग. तो वर्षाला पंचवीसेक हजार होतो.

आणि भिशी. आमच्या डिपार्टमेंटमध्ये बाराजणांची दोन हजारांची भिशी आहे. माझा नंबर लागला की २४ हजार त्याच आठवड्यात कर्जात जातात. पूर्वी दरमहा दोन हजार स्वतः बाजूला टाकून बघितले होते, पाचव्या महिन्यात मोबाइल फुटला आणि ते त्यात गेले. भिशीचे चुकवले तर अकराजण जेवणाच्या सुट्टीत विचारतात. स्वतःला दिलेला शब्द मोडायला कोण विचारतंय?

एक मात्र चूक करू नका. जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता बंद झाला. कर्ज घेऊन पाच महिनेच झालेले, गाठीला काही नाही. खाडे पडले, पगार कापला आणि त्या महिन्याचा हप्ता मेव्हण्याकडून उसने घेऊन भरला. कर्जात टाकलेला पैसा अडीनडीला सहज परत येत नाही. म्हणून तीन हप्त्यांएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवूनच आम्ही जादा भरायला सुरुवात केली. गाडीचं किंवा सोनेतारणाचं कर्ज असेल आणि त्याचा दर घरकर्जापेक्षा जास्त असेल, तर आधी ते.

मित्र सांगतात, "भावा, कर्ज ठेव की, टॅक्स वाचतोय. तेच पैसे म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाक." नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची सूटच नाही, आणि २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या पगाराला तशीही करमाफी आहे. तुमच्या-माझ्या पगाराला कुठला टॅक्स वाचवायचा? एसआयपीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. लांबच्या मुदतीत तिथं जास्त मिळूही शकतं. पण बाजार पडल्यावर शांत झोपणारा माणूस मी नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे.

२०२५ मध्ये रेपो उतरायला लागला आणि वर्षाअखेर सव्वापाचवर आला. बँकेनं विचारलं, हप्ता कमी करू का? हात जोडून नको म्हटलं. आज आमचा तक्ता २०३६ च्या मे महिन्यात संपतोय. पावणेपाच वर्षं वाचली, त्यातली निम्म्याच्या आसपास दर उतरल्यामुळं. ते श्रेय आमचं नाही, पण हप्ता तसाच ठेवला नसता तर तेही मिळालं नसतं. २०४१ मध्ये मी ५८ चा असणार होतो. आता मुलगी बारावी होईल त्या सुमाराला सुटतो.

आणि तुमचा हिशेब मी करून बघितला. दर साडेआठ टक्के धरला तर हप्ता साधारण १०,४१४ येतो. हजार जादा भरत राहिलात तर २४० महिन्यांचं कर्ज १९४ महिन्यांत फिटतं. आणि मुदत कमी होत असेल, तर या आठ महिन्यांत गेलेल्या आठ हजारांनी शेवटचे चार हप्ते ऑलरेडी संपवलेत. तक्ता छापून घ्या आणि खालच्या चार ओळी आजच खोडा. खडू नको, स्केचपेन घ्या.