वाचकांचे प्रश्न : बंद दाराचे कॅबिनेट आणि तापणारे ग्राफिक्स कार्ड

प्रश्न : मी नागपुरात घरूनच थ्रीडी ॲनिमेशनचे काम करतो. रेंडर (संगणकाने दृश्यांची अंतिम चित्रे तयार करणे) रात्रभर चालू राहते आणि त्याच खोलीत आई झोपते, म्हणून मुद्दाम आवाज कमी करणारे कॅबिनेट घेतले. त्याला समोर घट्ट दार आहे आणि आतून फोम लावलेला आहे. आत आरटीएक्स ३०७० हे तीन पंख्यांचे कार्ड आहे. हिवाळ्यात काही तक्रार नव्हती, पण एप्रिलपासून रेंडर सुरू झाल्यावर वीस मिनिटांत कार्ड ८३ अंशांवर जाते आणि त्याचे पंखे २३०० आरपीएमवर (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) ओरडू लागतात. बाजूचा पत्रा काढला की तेच तापमान ७३ वर येते. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात ठेवलेले आहे. फोम काढून टाकू, वॉटर कूलिंग बसवू, की कॅबिनेटच बदलू? आणि खोलीतल्या कूलरचे तोंड कॅबिनेटकडे वळवले तर चालेल का?

उत्तर : बाजूचा पत्रा काढून पाहिलात, तेव्हाच निम्मे निदान झाले. पत्रा काढल्यावर तापमान दोन-तीन अंशांनीच उतरले असते, तर दोष कार्डाच्या हीटसिंकमध्ये (चिपची उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा भाग), त्यात साचलेल्या धुळीत किंवा चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमध्ये शोधावा लागला असता. आपल्याकडे ते दहा अंशांनी उतरते, याचा अर्थ कार्डाची स्वतःची शीतन-व्यवस्था ठीक आहे, फक्त तिला थंड हवा मिळत नाही. त्यामुळे वॉटर कूलिंगचा खर्च आज तरी करू नये. आता आणखी एक चाचणी करावी. बाजूचा पत्रा परत लावून केवळ समोरचे दार उघडे ठेवावे आणि तेच दृश्य वीस मिनिटे रेंडर करावे. त्या दहापैकी सात-आठ अंश एवढ्यानेच उतरले, तर अडचण हवा आत येण्याच्या वाटेत आहे; तापमान फारसे हलले नाही, तर हवा बाहेर जाण्याच्या वाटेकडे पाहावे. दोन्ही वेळा खोलीचे तापमान लिहून ठेवावे, कारण खोली तीन अंशांनी तापली की कार्डही जवळजवळ तेवढेच तापते आणि पहाटेचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडला की माणूस उगाच खूश होतो.

किती हवा लागते, याचा हिशेब कठीण नाही. आपले कार्ड पूर्ण भाराखाली २२० वॉट घेते. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि इतर भाग धरून एकूण ३०० वॉट समजू. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. आत येणारी हवा बाहेर पडेपर्यंत फक्त १० अंशांनी तापावी असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे २५ ते २७ लिटर, म्हणजे पंख्यांच्या खोक्यावरच्या भाषेत ५५ सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास, हवा कॅबिनेटमधून प्रत्यक्ष वाहिली पाहिजे. खोक्यावर छापलेला आकडा मात्र पंखा मोकळ्यावर फिरत असतानाचा असतो. त्याच्यापुढे बंद दार, दाराच्या कडेच्या बोटभर फटी आणि मागे धुळीची जाळी आली की त्यातला बराच भाग गळतो. वाहणारी हवा निम्म्यावर आली, तर तीच हवा २० अंशांनी तापते. नागपुरातल्या ३६ अंशांच्या खोलीत कॅबिनेटमधून बाहेर पडणारी हवा ५६ अंशांची होते आणि कार्डाचे पंखे जवळपास याच तापलेल्या हवेत फिरत असतात. हिवाळ्यात हेच कॅबिनेट निभावून गेले, कारण तेव्हा सुरुवात बावीस-तेवीस अंशांपासून होत होती.

म्हणून सगळ्यांत आधी हवेचा मार्ग मोकळा करावा, पंख्यांची खरेदी नंतर. दारामागची जाळी उजेडासमोर धरून पाहावी. नागपूरच्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत तिच्यावर राखाडी साय धरते आणि पलीकडचे काही दिसत नाही. ती साध्या पाण्याखाली धुऊन, पूर्ण वाळवून मगच लावावी. समोरच्या पंख्यांमागे हार्ड डिस्कचा पिंजरा असेल आणि तो रिकामा असेल, तर काढून टाकावा. त्यानंतर उदबत्ती लावावी. राख आत पडणार नाही इतक्या अंतरावरून ती दाराच्या कडेच्या फटीपाशी धरली की धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. मग दार उघडून ती पंखा आणि चौकट यांच्यामधल्या रिकाम्या पट्टीपाशी धरावी. धूर तिथे आतून बाहेर ढकलला जात असेल, तर कॅबिनेटमधली तापलेली हवा पंख्याच्या कडेने पुन्हा समोर येते आहे आणि पंखा तीच हवा गोल गोल फिरवतो आहे. दार असलेल्या कॅबिनेटमध्ये हा दोष मी वारंवार पाहिला आहे. खिडकीच्या फटीला लावतात ती चिकट फोमपट्टी तिथे लावली की तो जातो, खर्च चहा-पोह्यांएवढा.

टेबलाचा कप्पा ही मात्र खरी गोम आहे, असे मला वाटते. आपण त्याचे माप दिलेले नाही, परंतु अशा कप्प्यांत मागची भिंत दोन-तीन इंचांवर असते आणि वर-बाजूला फळ्या असतात. मागच्या पंख्याने फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटून कप्प्यातच राहते आणि समोरच्या फटींतून परत आत शिरते. कॅबिनेट कप्प्याबाहेर, जमिनीपासून थोडे उंच, मागे किमान वीतभर जागा सोडून ठेवावे. पॉवर सप्लायचा पंखा तळातून हवा घेत असेल, तर खाली सतरंजी किंवा गालिचा नको.

आता पंख्यांविषयी. फुकटचे उपाय झाल्यावर समोर १४० मिलिमीटरचे दोन पंखे आत फुंकणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा, एवढी मांडणी एका ग्राफिक्स कार्डाला पुरते. छताचे झाकण उघडायचेच असेल, तर मागच्या पंख्याजवळचे उघडावे. पुढच्या बाजूला छताला पंखा लावला, तर समोरून आलेली ताजी हवा कार्डापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो वर खेचून घेतो. आवाजाचे गणित इथे आपल्या बाजूचे आहे. पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या की हवा निम्मी होते, पण आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा शेजारी लावला की हवेची भरपाई होते आणि आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी संथ फिरणारे दोन पंखे वेगाने फिरणाऱ्या एकापेक्षा बारा डेसिबलने शांत. मेख एवढीच की फेऱ्या निम्म्या झाल्या की पंख्याचा दाब चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि कोंदलेल्या जाळीतून हवा ओढण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. जाळी न धुता शांत पंखे विकत घेणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच.

आपल्या कामाच्या पद्धतीमुळे आणखी एक गोष्ट घडत असावी, आणि ती जवळजवळ कोणी पाहत नाही. बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालतात. रेंडर ग्राफिक्स कार्डावर चालू असताना प्रोसेसर जवळपास स्वस्थ असतो. त्यामुळे कार्ड भाजत असते आणि समोरचे पंखे मात्र सगळे आलबेल आहे असे समजून पाचशे आरपीएमवर डुलत असतात. आईची झोप मोडणारा आवाज कार्डावरच्या लहान पंख्यांचा आहे, आणि तो उतरवण्यासाठी कॅबिनेटच्या मोठ्या पंख्यांचा वेग वाढवावा लागतो, हे ऐकायला उलटे वाटले तरी तसेच आहे. विंडोज वापरत असाल, तर फॅन कंट्रोल नावाचा मोफत प्रोग्राम घेऊन समोरचे पंखे कार्डाच्या तापमानाशी जोडावेत. ५० अंशांपर्यंत ५०० आरपीएम, ७० अंशांना ९०० आरपीएम, अशी चढण सुरुवातीला पुरे. वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोयही त्यात आहे, ती चालू करावी. एकसारखी घरघर कान विसरतो. दर मिनिटाला चढ-उतार करणारा पंखा मात्र झोपेतून उठवतो. काहीच जोडायचे नसेल, तर बायोसमध्ये समोरच्या पंख्यांचा वेग ८०० आरपीएमवर कायमचा बांधून टाकावा.

यानंतरही आकडे मनासारखे नसतील, तर उष्णता मुळातच कमी करावी. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाच्या वीजवापराची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणली की कार्ड २२० ऐवजी १७६ वॉटवर थांबते. कार्डे शेवटच्या काही टक्के वेगासाठी अवाजवी वीज खातात, त्यामुळे रेंडरचा वेळ त्या मानाने फार वाढत नाही. रात्री आठ तास चालणारे काम पंधरा-वीस मिनिटे, फार तर अर्धा तास लांबेल. व्होल्टेज कमी करून, म्हणजे अंडरव्होल्ट करून, वेगही राखता येतो, पण त्यात प्रत्येक कार्डाची सहनशक्ती वेगळी असते आणि पहाटे तीन वाजता रेंडर कोसळण्याचा धोका असतो. धंद्याचे काम असलेल्या माणसाने पॉवर लिमिटवर समाधान मानावे, असे माझे मत आहे.

फोम काढू नये. कॅबिनेटमधली बहुतांश उष्णता हवेबरोबर बाहेर जाते, पत्र्यातून जाणारा हिस्सा लहान असतो. त्यामुळे फोम काढल्याने एखाद-दुसरा अंश मिळेल आणि पंख्यांची तीक्ष्ण किणकिण मात्र मोकळी सुटेल. कॅबिनेट बदलण्याचा विचार वरचे सगळे करून झाल्यावर, दार उघडे आणि दार बंद यांत पाच अंशांहून जास्त फरक उरला, तरच करावा. तेव्हा दाराऐवजी बारीक जाळीचे तोंड असलेले कॅबिनेट घ्यावे, कारण त्यात पंखे इतके संथ चालवता येतात की फोमची उणीव सहसा भासत नाही.

कूलरने खोली थंड होत असेल, तर त्याचा लाभ कार्डाला आपोआप मिळतोच. त्याचे तोंड थेट कॅबिनेटकडे मात्र वळवू नये. खसच्या ताट्यांवर पाणी जास्त सुटले की झोताबरोबर बारीक तुषार येतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार मग जाळीवर आणि हीटसिंकच्या पात्यांवर पांढरे होऊन बसतात आणि ओल धरलेली धूळ चिखलासारखी चिकटते. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा आणि खिडकी थोडी उघडी असावी.

प्रश्न : माझे तीन वर्षांचे कार्ड ७८ अंश दाखवते, पण हॉट स्पॉट (चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू) १०५ वर जातो. पत्रा काढूनही फरक पडत नाही. ठाण्यातल्या दुकानदाराने ‘गॅस भरण्यासारखे’ काहीतरी करून देतो म्हटले. काय करावे?

उत्तर : कार्डात गॅस भरला जात नाही. हीट पाइपमध्ये थोडासा द्रव असतो, परंतु त्या नळ्या कारखान्यातच कायमच्या सीलबंद झालेल्या असतात. चिपचे सरासरी तापमान आणि हॉट स्पॉट यांत १० ते १५ अंशांचे अंतर सर्वसाधारण समजावे. आपल्याकडे ते २७ आहे, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट तापण्या-निवण्याच्या चक्रांत कडेला सरकली असावी. आधी वॉरंटी पाहावी. ती शिल्लक असेल, तर स्क्रूवरचे स्टिकर फोडू नये. ती संपली असेल, तर पेस्ट बदलून घ्यावी, किंवा साधारण ४५ अंशांना मऊ होऊन पसरणारा फेज-चेंज पॅड लावावा, तो असा सरकत नाही. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले, तर मूळ जाडीचेच आणावेत, आणि ती जाडी दबलेल्या जुन्या पॅडवरून मोजू नये. अर्ध्या मिलिमीटरने जाड पॅड बसला, तरी हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि कार्ड पहिल्यापेक्षा जास्त तापते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत.

प्रश्न : कार्ड उभे लावून काचेतून दिसेल असे करायचे आहे. तापमान वाढेल का?

उत्तर : कार्डाचे पंखे आणि काच यांच्यात दोन बोटांपेक्षा कमी जागा उरत असेल, तर नक्की वाढेल. उभे लावण्याचा ब्रॅकेट कार्डाला मदरबोर्डाच्या बाजूला सरकवत असेल तर घ्यावा, नाहीतर कार्ड आडवेच ठेवावे.