नावात रंग, पडद्यावर नाही : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही चित्रपटांच्या शीर्षकांविषयी एक लेख प्रसिद्ध केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे शीर्षकातील रंगांविषयी विचारणा करणारी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्याच प्रश्नांसाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : कृष्णधवल काळातील कित्येक चित्रपटांच्या नावांत रंग आढळतात. जो रंग प्रेक्षकाला दिसणारच नाही, तो नावात घालून काय साधत असे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या प्रश्नातच त्याचे निम्मे उत्तर आहे. डोळ्यांसमोर असलेल्या रंगाचे नाव घेण्याची गरज सहसा पडत नाही. जो दिसत नाही, त्याला मात्र नाव घेऊन बोलवावे लागते. याचे आमच्या मते सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जॉन फोर्ड यांचा १९४१ सालचा 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'. वेल्समधील कोळसा खाणीच्या गावात वाढलेल्या मुलाची ही गोष्ट रिचर्ड लुएलिन यांच्या १९३९ सालच्या कादंबरीवर बेतलेली आहे. निर्माते डॅरिल झानुक यांचा मूळ बेत वेल्समध्ये जाऊन भव्य रंगीत चित्रपट काढण्याचा होता. महायुद्धामुळे तो बारगळला, लॉस एंजेलिसजवळ मालिबूच्या टेकड्यांत खाणकामगारांचे अख्खे गाव उभारावे लागले आणि चित्रण कृष्णधवल झाले. म्हणजे नावात हिरवा, आणि पडद्यावर हिरव्याचा मागमूस नाही. पण गोष्ट सांगणारा नायक आता उतारवयाकडे झुकलेला आहे, गाव सोडून निघाला आहे, आणि खाणीतून निघणाऱ्या काळ्या मातीदगडांच्या ढिगाऱ्यांनी ती दरी केव्हाच गिळून टाकली आहे. हिरवळ उरली आहे ती त्याच्या आठवणीत. ती पडद्यावर रंगीत दाखवली असती, तर प्रेक्षकाने 'छान देखावा आहे' एवढेच म्हटले असते. न दाखवल्यामुळे ती प्रत्येकाला आपापल्या गावाकडून उसनी आणावी लागते. या चित्रपटाने 'सिटिझन केन'ला मागे टाकून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पटकावले, त्यावर चित्रपटप्रेमींमध्ये अजून वाद होतात. त्या वादात आम्ही शिरत नाही.

आपल्याकडचे उदाहरण हवे असल्यास बिमल रॉय यांच्या 'बंदिनी'मधील (१९६३) 'मोरा गोरा अंग लइ ले' हे गाणे पुन्हा एकदा पाहावे. गुलजार यांच्या चित्रपटगीतांतील हे अगदी सुरुवातीचे गीत. संगीत सचिनदेव बर्मन यांचे आणि आवाज लता मंगेशकर यांचा. रात्री घराबाहेर पडलेली नूतन गोरे अंग परत घेऊन सावळा रंग मागते, कारण सावळी झाली तर ती अंधारात लपून प्रियकराजवळ राहू शकेल. आणि ढगाआडून डोकावणारा चंद्र तिचे गुपित उघडे करतो म्हणून ती त्याला राहू लागो असा शापही देते. येथे गंमत अशी की उजळ आणि काळोखी या दोनच गोष्टी कृष्णधवल फिल्मला पुरेपूर दाखवता येतात. तिला टाळायचा आहे तो उजेड आणि हवा आहे तो काळोख, दोन्ही एकाच चौकटीत शेजारीशेजारी दिसत राहतात. हेच गाणे रंगीत चित्रित झाले असते तर तिची साडी कोणत्या रंगाची आहे, इकडे आपले लक्ष गेले असते.

विजय आनंद यांच्या 'काला बाजार'सारख्या (१९६०) नावांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तेथील काळा हा रंग राहिलेलाच नाही, तो व्यवहार झाला आहे. देव आनंद त्यात सिनेमाची तिकिटे काळ्या बाजारात विकतो, आणि 'मदर इंडिया'च्या मुंबईतील पहिल्या खेळाची खरी दृश्ये त्या चित्रपटात जोडलेली आहेत, म्हणून तो जरूर पाहावा.

प्रश्न : हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांच्या 'ब्लूबीअर्डचा किल्ला' या ऑपेराचे ध्वनिमुद्रण ऐकले. निळ्या दाढीचा उल्लेख नावापलीकडे फारसा जाणवला नाही. मग हे नाव कशासाठी? (संगीत शिकवणाऱ्या एक वाचक, नाशिक)

उत्तर : निळी दाढी मूळ फ्रेंच कथेतून आली आहे. शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये छापलेल्या कथेत ती दाढी पाहूनच बायका त्या श्रीमंत माणसापासून दूर पळतात. माणूस सर्व बाबतींत मातब्बर, पण दाढीचा रंग माणसाचा नव्हे. बार्टोक आणि संहिताकार बेला बालाझ यांना या दाढीत रस नव्हता. त्यांनी १९११ मध्ये रचलेला आणि १९१८ मध्ये बुडापेस्टला प्रथम सादर झालेला हा सुमारे तासाभराचा एकांकी ऑपेरा दोनच गायकांवर उभा आहे : सरदार ब्लूबीअर्ड आणि त्याची नवी पत्नी युडिट. किल्ल्यात एकही खिडकी नाही, सात बंद दारे आहेत, आणि ती एकेक उघडावीत असा तिचा हट्ट आहे.

ध्वनिमुद्रण ऐकताना जे निसटते, ते नेमके येथे आहे. प्रत्येक दार उघडले की त्यातून कोणत्या रंगाचा झोत पडावा, हे संहितेत लिहून ठेवले आहे. छळघराच्या पहिल्या दारातून रक्तासारखा लाल; शस्त्रागारातून पिवळसर तांबडा; खजिन्यातून सोनेरी; बागेतून निळसर हिरवा. पाचवे दार उघडते तेव्हा सरदाराचे अफाट राज्य समोर येते आणि डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश आत घुसतो. त्या क्षणी ऑर्गनसह संपूर्ण वाद्यवृंद 'सी मेजर' या स्वरमेळाचे जे प्रचंड खांब उभे करतो, ते ऐकताना दिवाणखान्यात बसूनही उजेड वाढल्यासारखा वाटतो. त्यावर युडिट मात्र अगदी बारीक आवाजात, निर्विकारपणे दोन शब्द बोलते. तिला त्या राज्यावरच्या ढगांची सावली रक्तासारखी दिसली आहे, जसे आधी दागिन्यांवर आणि फुलांवर रक्त दिसले होते. सहावे दार अश्रूंच्या सरोवराचे. तेथून उजेड ओसरू लागतो, आणि सातव्या दारातून चंदेरी प्रकाशात आधीच्या तीन बायका जिवंत बाहेर येतात.

एवढ्या रंगांच्या मेळ्यात निळी दाढी कोठेच नाही, आणि ते योग्यच वाटते. नावातला निळा आपल्याला दाराशी आणून सोडतो. पुढे बघायचे काम संगीताचे. आपण विद्यार्थ्यांना हा ऑपेरा ऐकवणार असाल, तर प्रत्येक दाराचा रंग फळ्यावर आधी लिहून ठेवावा आणि मगच ध्वनिमुद्रण लावावे, असे सुचवावेसे वाटते.

प्रश्न : 'ब्लू डॅन्यूब' आणि 'रॅप्सडी इन ब्लू' या दोन्ही नावांतील निळा एकच आहे काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मुळीच नाही. धाकटे योहान स्ट्राउस यांचा वॉल्ट्झ फेब्रुवारी १८६७ मध्ये व्हिएन्नात पुरुषांच्या गायकवृंदाने प्रथम गायिला. आदल्याच वर्षी ऑस्ट्रियाचा प्रशियाकडून दारुण पराभव झाला होता आणि शहराचा मूड उतरलेला होता. 'सुंदर निळ्या डॅन्यूबकाठी' हे शब्द कार्ल बेक या कवीच्या ओळींतून उचललेले. पण त्या दिवशी गायिले गेलेले योसेफ वाइल यांचे शब्द व्हिएन्नाकरांना 'खूश राहा' म्हणून चिमटे काढणारे होते. नदीच्या निळाईचे गुणगान करणारे शब्द नंतर, फ्रान्त्स फॉन गेर्नेर्थ यांनी लिहिले. म्हणजे नाव निळे आणि गाणे भलतेच, अशी सुरुवातीची स्थिती होती. व्हिएन्नाजवळची डॅन्यूब बहुधा हिरवट किंवा गढूळ दिसते, हे तेथे जाऊन आलेले मराठी पर्यटक थोड्या निराशेने सांगतात. त्यात नदीचा काही दोष नाही.

जॉर्ज गर्शविन यांची रचना १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यू यॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमन यांच्या वाद्यवृंदाने सादर केली. तिचे आधीचे नाव 'अमेरिकन रॅप्सडी' असे होते. भाऊ आयरा गर्शविन यांनी चित्रकार व्हिसलर यांची चित्रे पाहिली होती, आणि व्हिसलर आपल्या चित्रांना 'करड्या आणि काळ्याची मांडणी' अशा धर्तीची, संगीताला शोभणारी नावे देत असत. चित्रकाराने संगीताची भाषा उसनी घेतली होती, ती संगीतकाराच्या भावाने नवे नाव सुचवताना रंगासकट परत आणली. त्यात ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गायनप्रकाराचा निळाही मिसळला, आणि क्लॅरिनेटच्या त्या सुरुवातीच्या वर चढत जाणाऱ्या सुरात तो लगेच ऐकू येतो. दोन निळ्यांत आमची पसंती या दुसऱ्याला आहे.

प्रश्न : मराठी गाण्यांत सावळा रंग इतका का येतो? आकाशवाणीवर तर तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. (एक वाचक, सांगली)

उत्तर : विठ्ठल आणि कृष्ण हे त्याचे उघड कारण झाले, आणि ते सर्वांना ठाऊक आहे. पण भावगीतांतला सावळा केवळ भक्तीवर चालत नाही, आणि आपण म्हणता तो आकाशवाणीचा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. ग. दि. माडगूळकरांचे 'सावळाच रंग तुझा' हे गीत घ्या. चाल सुधीर फडके यांची आणि आवाज माणिक वर्मा यांचा. ऐकणाऱ्यासमोर चेहरा नाही, म्हणून कवी दर कडव्यात त्या सावळ्याला नवे माप लावतो : आधी पावसाळी आकाश, मग चंदनाचे बन, मग गोकुळचा कृष्ण. प्रत्येक मापाबरोबर नजरेतही काहीतरी बदलते; आकाशाबरोबर वीज येते, चंदनाबरोबर विषारी नाग येतात, कृष्णाबरोबर पावरी येते. चंदनाचे बन काही रंगाने सावळे नसते, त्यामुळे दुसऱ्या कडव्यात पोहोचेपर्यंत रंग मागे पडून त्या माणसाची भूल आणि भीती दोन्ही पुढे आलेली असतात. डोळ्यांना जे एका क्षणात कळले असते, ते कानांना असे टप्प्याटप्प्याने द्यावे लागते.

त्याहून पुढची गोष्ट संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंच्या 'अवघा रंग एक झाला' या अभंगात आहे, जो बहुतेकांच्या कानात किशोरी आमोणकरांच्या आवाजात आहे. रंग हा शब्द पहिल्याच ओळीत पुन्हापुन्हा घुमतो, परंतु कोणता रंग, हे अभंगभर कोठेही सांगितलेले नाही. शेवटी तर 'पाहते पाहणें गेलें दूरी' असे म्हणून पाहणारी आणि पाहणे या दोन्ही गोष्टी बाजूला सारल्या आहेत, आणि लगेच 'म्हणे चोखयाची महारी' अशी नाममुद्रा येते. चोखोबांच्या कुटुंबाला पंढरीच्या देवळात प्रवेश नव्हता; चोखोबांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. जिला मूर्तीचा रंग जवळून पाहू दिला गेला नाही, तिने सगळा रंग एक झाल्याचे सांगावे आणि पाहण्याची गरजच उरली नाही असे म्हणावे, याला केवळ अध्यात्म म्हणून मोकळे होणे आम्हाला जमत नाही. त्या ओळीत समाधान आहे तसाच जाबही आहे.

प्रश्न : 'नवरंग' चित्रपटातील नऊ रंग कोणते? (एक विद्यार्थी, औरंगपुरा)

उत्तर : नऊ रंगांची यादी शोधत बसण्यापेक्षा चित्रपट कोठून आला ते पाहणे अधिक उपयोगी. व्ही. शांताराम यांना 'दो आँखें बारह हाथ'च्या (१९५७) चित्रीकरणात बैलाशी झुंजीचे दृश्य करताना डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि काही काळ त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्या अंधारात जे रंग दिसले त्यांतून 'नवरंग' (१९५९) आला, हे शांतारामांनी सांगितलेले आहे. कथाही त्याच जातीची आहे : कवी दिवाकर आपल्या साध्यासुध्या पत्नीच्या जागी मनातल्या मनात एक नटलेली मोहिनी उभी करतो आणि तिच्यावर कविता रचतो, खरी पत्नी त्या न दिसणाऱ्या सवतीवर जळू लागते. होळीच्या 'अरे जा रे हट नटखट' या गाण्यात संध्या समोरून स्त्री आणि पाठ फिरवताच पुरुष होते, तेवढे एक दृश्य या चित्रपटाच्या सगळ्या भडकपणाची भरपाई करते. भडकपणा आहे, हे मान्यच करावे लागेल.

प्रश्न : 'द पिंक पँथर'मध्ये गुलाबी चित्ता नक्की कोठे असतो? घरात पैज लागली आहे. (एक वाचक, पणजी)

उत्तर : १९६३ सालच्या मूळ चित्रपटात पिंक पँथर हे एका मौल्यवान हिऱ्याचे नाव आहे, त्याच्या पोटातील एक दोष प्रकाशात धरला असता उडी मारणाऱ्या प्राण्यासारखा दिसतो, म्हणून ते नाव. चालणारा, बोलणारा नव्हे पण मिश्कील असा गुलाबी प्राणी फक्त श्रेयनामावलीच्या व्यंगचित्रात होता. हेन्री मॅन्सिनी यांच्या संगीतावर तो इतका लोकप्रिय झाला की त्याच्यावर स्वतंत्र लघुपट निघू लागले आणि १९६४ सालच्या पहिल्याच 'द पिंक फिंक'ने ऑस्कर मिळवले. त्या लघुपटात हिरा नाही. आपल्या घरी ज्यांनी 'हिरा' म्हटले असेल, त्यांना पैजेचे पैसे द्यावेत.