त्या दोन गोळ्या आणि टेबल फॅन

चाळीसगाव, भर वैशाखातली दुपार

प्रिय पोरा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. लगेच फोन करणार होतो. पण फोनवर मी चिडतो आणि तू नुसतं 'हो सर, हो सर' करतोस, म्हणून लिहायला बसलो. कॅम्पमधला सीनियर म्हणाला, एक सुई घेतली की घाटात पाय जड होत नाहीत, सगळेच घेतात. आणि तू विचारतोस, सर, खरंच सगळे घेतात का?

सगळे नाही. पण भरपूर जण घेत आलेत, ते तुझ्यापासून लपवून काय करू? टूर द फ्रान्स या सायकलच्या सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत १९९९ ते २००५ ही सात वर्षं कोरी आहेत. लान्स आर्मस्ट्राँगची सातही जेतेपदं २०१२ साली काढून घेतली आणि ती दुसऱ्या कोणालाच दिली नाहीत, इतका तो सगळा काळ संशयाचा. हाच माणूस वर्षानुवर्षं छातीठोक सांगायचा की माझी शेकडो वेळा तपासणी झाली, कधी सापडलो नाही. १९९९ साली कॉर्टिसोन, म्हणजे एक स्टिरॉइड, सापडलं तेव्हा सीटमुळे झालेल्या जखमेच्या मलमाची चिठ्ठी पुढे केली, तीही मागची तारीख घालून. शेवटी २०१३ च्या जानेवारीत टीव्हीवर बसून कबूल केलं. त्यामुळे 'टेस्टमध्ये कुठे सापडतं?' हे तुझ्या सीनियरचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आर्मस्ट्राँगलाही तसंच वाटत होतं.

आता माझं ऐक. हे तुला कधी सांगितलेलं नाही.

दुकानात पंक्चर काढताना तू ज्या टेबल फॅनसमोर ठाण मांडून बसतोस, तो मला एका शर्यतीत बक्षीस मिळालेला आहे. तुझ्याएवढाच होतो. शर्यतीच्या सकाळी, मला मालिश करून देणारा एक जण होता, वडिलांच्या वयाचा, फार मायाळू. त्याने कागदाच्या पुडीतून दोन पांढऱ्या गोळ्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. म्हणाला, "ताकदीच्या आहेत, चहाबरोबर घे." मी काही विचारलं नाही. वडीलधाऱ्या माणसाला काय विचारायचं! त्या दिवशी घाटात भूक नाही, तहान नाही, मांड्या पेटल्याच नाहीत. तिसरा आलो. रात्री मात्र डोळ्याला डोळा नाही, छाती नुसती धडधडतेय. आई पहाटेपर्यंत उशाशी बसून होती, "काय व्हयनं रे तुले?" म्हणत. काय सांगणार? तेव्हा आमच्याकडे तपासायला कोणी येत नसे. पुढे त्या माणसाला विचारायची लाज वाटली, आणि मग तोही वारला. फॅन अजून चालतो. पण ते तिसरेपण माझं की पुडीतलं, हे मला आजही सांगता येत नाही.

तेव्हा असली वस्तू आणणारा माणूस तुला गुंडासारखा दिसेल अशी वाट बघू नकोस. १९९८ च्या टूरच्या तोंडावर फ्रान्स-बेल्जियमच्या सीमेवर फेस्टिना या सायकल संघाची गाडी पकडली. आत इपीओचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या औषधाचा साठा. गाडी चालवणारा विली व्हुट कोण? खेळाडूंना मालिश करणारा, त्यांच्या बाटल्या भरणारा. त्या प्रकरणानंतर पुढच्याच वर्षी जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, वाडा, उभी राहिली.

तुझ्या सीनियरची सुई मेफेंटरमीनची असावी अशी मला शंका आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ ते देतात. आपल्याकडे जिममधल्या पोरांनी त्याचं खूळ काढलंय. उत्तेजकांच्या यादीत ते आहेच. असलं काही घेतलं की आपण दमलोय हेच कळत नाही. इंग्लंडचा सायकलपटू टॉम सिम्पसन १३ जुलै १९६७ ला टूरमध्येच माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर असाच गेला. भयंकर ऊन, पोटात अँफेटामीन हे उत्तेजक आणि वर दारू. एकदा पडला, लोकांनी परत सायकलवर बसवलं, थोडं पुढे जाऊन पुन्हा पडला तो कायमचा. वय २९. आणि तू सराव करतोस कुठे? भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, ४५ अंशांत.

पण खरं सांगू, सुईला तू नाही म्हणशील, तेवढी खात्री आहे. मला धास्ती आहे ती सलाईनची.

आपल्याकडे अशक्तपणा आला, ऊन लागलं, लग्नात नाचून दमला, की डॉक्टरकडे जायचं आणि एक बाटली लावून यायचं. "हुशारी येते." तुझी आईसुद्धा प्रेमाने तेच करेल. पण नियम असा आहे की १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त काहीही शिरेतून घ्यायला खेळाडूला बंदी आहे, मग ते साधं मिठाचं पाणी का असेना. शर्यत असो वा नसो. कारण त्याने रक्त-लघवी पातळ करून आतलं काही झाकता येतं. आपली बाटली असते ५०० ची! रुग्णालयातल्या खऱ्या उपचारांना सूट आहे. तेव्हा जुलाब-उलट्यांनी खरंच पडलास तर आधी जीव. नीट दाखल हो, केसपेपर जपून ठेव आणि मला कळव. नुसता थकला असशील तर ताक पी, केळी खा, झोप.

ताकदीच्या पावडरच्या डब्याचंही तेच. टूर जिंकलेल्या आल्बेर्तो काँतादोरच्या नमुन्यात २०१० साली क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, एका मिलिलिटरमध्ये ५० पिकोग्रॅम, म्हणजे नावापुरतंच. तो म्हणाला, मांसातून आलं. क्रीडा लवादाला भेसळीच्या सप्लिमेंटची शक्यता जास्त वाटली. पण कुठूनही येवो, टूरचं जेतेपद गेलं आणि दोन वर्षांची बंदी बसली. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूचीच. मुद्दाम घेतल्याचं ठरलं तर चार वर्षं. तू आज १८ चा आहेस, हिशेब तूच कर. सर्दीची गोळी, वैद्याचं चूर्ण, गुडघ्याचं इंजेक्शन, काहीही घेण्याआधी नाव विचार, पाकिटाचा फोटो मला पाठव. पाकीट नसेल तर घेऊच नकोस.

नाडाची, म्हणजे आपल्या देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेची माणसं आली तर पळू नकोस. २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत ती आल्याचं कळलं आणि १०० मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उरला. नमुना नाकारणं हाही गुन्हाच धरतात. ते सांगतील तशा ए आणि बी अशा दोन बाटल्या तूच सील करायच्या. फॉर्मवर गेल्या सात दिवसांतलं प्रत्येक औषध लिही, साधी क्रोसिनसुद्धा. लघवी करताना एक माणूस समोर उभा राहील, लाज वाटेल. वाटू दे.

कन्नडचा घाट गेल्या दिवाळीत तुला ३२ मिनिटं लागत होते, होळीला २९. ही तीन मिनिटं कुठून आली ते मला माहीत आहे. पहाटे पाचला मोटारसायकलवर मागे मीच होतो. कॅम्पात तू विसाव्या नंबरवर आलास म्हणून निराश आहेस. मला नाही वाटत त्यात काही वावगं.

कॅम्प सुटला की सरळ दुकानात ये. त्या सीनियरलाही आण. पोरगा वाईट नसेल, त्याच्याही हातावर कोणीतरी ठेवलं असेल. आणि तुझ्या मागच्या चाकाचे दोन स्पोक सैल आहेत, तिथल्या मेकॅनिककडून उद्याच कसून घे.

तुझा,
सर