फूल नसलेल्या वनस्पतीचं नाव डीएनएवरून कळतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गवतासारखी चार पानं असलेला एक रानकांदा (जमिनीत कंद असलेली वनस्पती) दिसला, फूल नव्हतं, पानाचा डीएनए तपासला तर नाव कळेल का? आणि झाडांची उत्क्रांती डीएनएवरून शोधतात ती कशी?

नाव कळेल, पण एका अटीवर. ती वनस्पती आधी कुणीतरी डोळ्यांनी ओळखलेली हवी, वाळवून कागदावर चिकटवून, खाली ठिकाण आणि तारीख लिहून जपलेली हवी, आणि त्याच नमुन्याचा डीएनए वाचून ठेवलेला हवा. मी कोल्हापुरात वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. पानं घेऊन येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की यंत्रच नाव सांगतं. यंत्र फक्त ए, टी, जी, सी या चार अक्षरांची एक लांबलचक ओळ हातात देतं. ती ओळ कुणाची, हे आधी ओळखून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून बघावं लागतं.

यालाच डीएनए बारकोडिंग म्हणतात. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये प्राण्यांसाठी ही कल्पना मांडली. प्राण्यांत मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला, डीएनएचा एक छोटा तुकडा पुरतो. वनस्पतींत मायटोकॉन्ड्रियाची जनुकं फार सावकाश बदलतात, त्यामुळे दोन वेगळ्या जातींत तो तुकडा अगदी सारखाच निघू शकतो. म्हणून वनस्पतीवाले हरितलवकाकडे, म्हणजे पेशीतल्या हिरव्या भागाच्या डीएनएकडे वळले, आणि २००९ मध्ये आरबीसीएल आणि मॅट-के या दोन तुकड्यांची जोडी ठरली. त्या वेळच्या चाचणीत या जोडीनं सुमारे ७२ टक्के जाती वेगळ्या ओळखल्या. उरलेल्यांत प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, कळते, नेमकी जात कळत नाही. मग केंद्रकातला आयटीएस हा तुकडा मदतीला घ्यावा लागतो.

आता तुमच्या कांद्याचं पान माझ्या टेबलावर आलं असं समजा. तोडल्या दिवशीच ते सिलिका जेलच्या निळ्या खड्यांत ठेवलेलं असलं पाहिजे. खडे गुलाबी झाले की पाणी शोषून त्यांची ताकद संपली असं समजायचं आणि ते बदलायचे. वाळलेलं पान खलात पीठ होईपर्यंत कुटायचं, सीटॅब नावाच्या साबणासारख्या द्रावणात ६५ अंशांवर ठेवायचं, क्लोरोफॉर्म घालून फिरवायचं आणि वरचं स्वच्छ पाणी काढून घ्यायचं. त्यात थंड आयसोप्रोपेनॉल सोडलं की पांढरे धागे तरंगायला लागतात. तोच डीएनए. कांदेवाल्या आणि मांसल वनस्पतींत मात्र बरेचदा धाग्यांऐवजी बुळबुळीत गोळा येतो, भेंडी चिरल्यावर बोटांना लागतो तसा. तो चिकटपणा धुऊन काढल्याशिवाय पुढचं पीसीआर, म्हणजे त्या तुकड्याच्या लाखो प्रती काढणं, होतच नाही. या धुण्यातच माझे दिवस जातात.

एकदा राधानगरीकडचा एक वेल आमच्याकडे आला. पानं दोन दिवस प्लास्टिकच्या ओल्या पिशवीत राहिली होती. आयटीएसचा तुकडा सुरेख आला, वाचनही स्वच्छ. ताडून पाहिलं तर ती बुरशी निघाली! पानाच्या आत आणि वर बुरशी असतेच. ओलाव्यात ती वाढली होती, आणि तिचाही आयटीएस त्याच रसायनांनी उचलला जातो. दोन आठवड्यांचं काम वाया गेलं. जुळणी नव्व्याण्णव टक्के दिसली तरी ‘कशाशी जुळलं’ हे मी तेव्हापासून आधी बघते.

जुळणीसाठी जगभरच्या क्रमांचा साठा इंटरनेटवर खुला आहे, पण त्यात चुकीच्या नावानं चढवलेले क्रमही आहेत. मला भरवसा वाटतो तो ज्याच्यामागे वाळवलेला नमुना आहे त्याच क्रमाचा, कारण शंका आली तर तो नमुना काढून पुन्हा बघता येतो. या बाबतीत कोल्हापूर नशीबवान आहे. शिवाजी विद्यापीठात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, कंदीलपुष्पांवर, म्हणजे कंदिलासारखी फुलं येणाऱ्या वनस्पतींवर, तिथं वर्षानुवर्षं काम झालंय, आणि जिल्ह्याच्या वनस्पतींची नोंद यादव आणि सरदेसाई यांनी २००२ मध्ये ग्रंथरूपात आणली. पन्हाळा, गगनबावडा, आंबा घाट, दाजीपूर पायाखाली घालणाऱ्या माणसांनी हे केलंय. त्यांच्या त्या पायपिटीशिवाय आमच्या यंत्राला नाव माहीत नसतं.

डीएनए कुठं अडतो तेही सांगते, कारण इथल्या शेतकऱ्यांकडून हा प्रश्न मला बरेचदा येतो: ‘उसाचं बियाणं को ८६०३२ म्हणून घेतलं, ते खरंच तेच आहे का बघून द्या.’ बारकोडनं हे सांगता येत नाही. आजचा लागवडीचा ऊस संकरित आहे. गोड, जाड ऊस आणि नदीकाठी पांढरे तुरे काढणारं त्याचं रानटी भावंड, या दोघांचा तो वंश. कोइम्बतूरला असा संकर होऊन को २०५ हे वाण १९१८ मध्ये शेतात आलं. उसात हरितलवक आईकडूनच येतं, त्यामुळे हरितलवकाचा तुकडा वाचला की आईचं कूळ कळतं, बाप कळत नाही. वाण ओळखायला केंद्रकातल्या, भरभर बदलणाऱ्या कितीतरी जागा तपासाव्या लागतात. ते काम वेगळं.

उलट औषधी सालींच्या बाबतीत बारकोड फार कामाचा. सीता-अशोकाची साल म्हणून रस्त्याकडेच्या उंच, सरळ ‘अशोका’ची साल विकली जाते. सालीला ना पान ना फूल, पण ही दोन झाडं इतक्या दूरच्या कुळांतली की डीएनएत लगेच वेगळी पडतात.

आता उत्क्रांती. तत्त्व साधं आहे: दोन वनस्पतींच्या वाटा फुटल्यानंतर दोघींच्या डीएनएत वेगवेगळ्या चुका साठत जातात. कुठले बदल कुणाकुणात सामायिक आहेत हे पाहून वंशवृक्ष मांडायचा, आणि जीवाश्मांच्या वयावरून फांद्यांना काळ लावायचा.

यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण कमळाचं आहे. अंबाबाईला वाहायला आपण कमळ घेतो, आणि तळ्यातल्या कुमुदालाही सर्रास कमळच म्हणतो. दोन्ही पाण्यात, दोन्हींचे देठ चिखलातून वर येणारे, पाकळ्यांची तशीच रचना. वनस्पतीशास्त्रानंही त्यांना बराच काळ एकत्र ठेवलं होतं. डीएनए वाचल्यावर कळलं की कुमुदाची फांदी सपुष्प वनस्पतींच्या झाडावर अगदी बुंध्यापाशी फुटलेली आहे. आणि कमळाचे जिवंत नातेवाईक कोण? काश्मीरचा चिनार, आणि आपल्याकडे रस्त्याकडेला लावतात तो सिल्व्हर ओक. त्या ओकची पिवळट-नारिंगी ब्रशसारखी फुलं आणि हातातलं कमळ शेजारी ठेवून बघा, कुणाचा विश्वास बसणार नाही. त्यांची ताटातूट दहा कोटी वर्षांहून जुनी आहे. पण खूण आधीपासून होती: कमळाच्या परागकणाला तीन चिरा असतात, कुमुदाच्या परागाला तशा नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत होतं, फक्त बाहेरच्या रूपापुढं त्याला वजन मिळालं नाही.

अशीच आणखी उलथापालथ झाली आहे. सागवान आता तुळशीच्या कुळात आहे. रुई कण्हेर आणि पांढऱ्या चाफ्याच्या कुळात गेली, आणि तिच्याबरोबर आपली कंदीलपुष्पंही.

२०२४ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या सहकाऱ्यांसोबत ३५३ जनुकं वापरून सुमारे ९,५०० जातींचा वंशवृक्ष प्रसिद्ध केला. त्यातले कित्येक नमुने संग्रहातल्या जुन्या कागदांवरचे होते. ऑलिव्हच्या कुळातलं एक झाड तर आता जगात उरलेलंच नाही. १८७५ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर कुणीतरी त्याची फांदी तोडून वाळवली होती, म्हणून ते या वंशवृक्षात आहे.

तुमच्या कांद्याविषयी: कृपा करून तो उपटू नका. पठारावरच्या कितीतरी कांद्यांचा पसारा अगदी छोट्या जागेपुरता असतो. जागेची खूण मोबाइलमध्ये ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तिथं चक्कर मारा. फूल आलं की समोरून, बाजूनं आणि देठासकट असे तीन फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून. इथं टाकलेत तर मी बघते. बहुतेक वेळा तेवढ्यावर नाव लागतं. नाहीच लागलं, तर परवानगी काढून एका पानाचा बोटभर तुकडा सिलिका जेलमध्ये घेऊ.