फोल्डर रंगवले, पेनड्राइव्ह लावला आणि सगळं पिवळं

प्रश्न : मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, नाशिकला, 42 फ्लॅट्स. लॅपटॉपवर इतके फोल्डर झालेत की वेळेला काही सापडत नाही, म्हणून मुलाने फोल्डर रंगवायचं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. मी हौसेने सगळं रंगवलं, मेंटेनन्स हिरवा, लिफ्ट निळा, पाणी आकाशी, ऑडिट लाल, पार्किंगची भांडणं जांभळा, असे मिळून चौदा रंग झाले. कुठला रंग कशाचा ते कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवलंय. परवा ऑडिटरकडे पेनड्राइव्ह नेला तर त्यांच्याकडे सगळे फोल्डर पिवळेच्या पिवळे! माझं काय चुकलं?

उत्तर : ताई, आधी पिवळ्याचं सांगतो. विंडोजमध्ये फोल्डरला स्वतःचा रंग असा नसतोच. तुमच्या सॉफ्टवेअरने काय केलं, तर त्या फोल्डरच्या आत डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाची एक लपवलेली फाइल टाकली, आणि तिच्यात लिहिलं की या फोल्डरचं चित्र अमुक ठिकाणाहून उचल. ते अमुक ठिकाण म्हणजे तुमच्याच लॅपटॉपचा सी ड्राइव्ह. पेनड्राइव्हवर चिठ्ठी गेली पण चित्र घरीच राहिलं, ऑडिटरच्या कॉम्प्युटरने पत्ता शोधला, तिथे कोणी नाही, मग त्याने आपला नेहमीचा पिवळा दाखवला. आतल्या फाइल्सना काही झालेलं नाही, निश्चिंत राहा. आणि कधी लपवलेल्या फाइल्स दिसायला लागल्या तर ती आयएनआय व्हायरस समजून उडवू नका, उडवलीत तर एवढंच होईल की रंग जाईल. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी बऱ्याचदा हेच होतं.

पण खरं सांगू का, मला पेनड्राइव्हपेक्षा तो स्क्रीनला चिकटवलेला कागद जास्त खटकला. रंग बघून कळावं म्हणून रंग दिले आणि ते कळायला कागद बघायचा, मग नाव वाचणं काय वाईट होतं? लिफ्टच्या फोल्डरवर 'लिफ्ट' लिहिलेलंच आहे की, त्याला निळा देऊन नवीन काही कळलं नाही.

आमचे मामा तहसील कचेरीत रेकॉर्ड रूमला होते. तिथे कागदांचे गठ्ठे फडक्यात बांधलेले, आणि फडक्याचा रंग विषयाचा नाही, तर कागद किती दिवस ठेवायचा त्याचा. अ वर्ग म्हणजे कायम, त्याला लाल फडकं. ब म्हणजे 30 वर्षं, हिरवं. क काही वर्षं, पिवळं. ड म्हणजे एक वर्ष ठेवा आणि नष्ट करा, त्याला पांढरं. मामांना गठ्ठ्यात जमिनीचा फेरफार आहे की आणखी काय ते लांबून कळायचं नाही, पण कशाला हात लावायचा नाही आणि कशावर झाडू फिरवायचा हे दारातूनच कळायचं. मला हे फार हुशार वाटतं, कारण विषय नावातून कळतो, मुदत नावातून कळत नाही.

तुम्ही तेच करा, फक्त आपल्या सोयीने. लाल म्हणजे कायम : कन्व्हेयन्स डीड (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त), मंजूर नकाशे, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, सोसायटीचं रजिस्ट्रेशन, आय आणि जे नमुन्याच्या, म्हणजे सभासदांच्या, नोंदवह्यांचे स्कॅन, सभांची इतिवृत्तं. निळा म्हणजे काम अडकलंय, कोणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय, उदाहरणार्थ या वर्षीचं ऑडिट. ते झालं, 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकली, की निळा काढून टाकायचा, हा काढायचा भाग लोक विसरतात आणि मग दोन वर्षांत सगळंच निळं होऊन बसतं. राखाडी म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये उडवायचं : रंगकामाची नाकारलेली कोटेशनं, गणपतीच्या वर्गणीच्या याद्या. बाकी सगळं आहे तसं पिवळं राहू दे. पिवळा म्हणजे काही विशेष नाही, तो आपोआपच मिळतो, त्याला कष्ट नाहीत. तीन रंग झाले, कागद काढून टाका.

आणि रंगात जे आहे त्याचं एक अक्षर नावातही घाला. 'अ_कन्व्हेयन्स', 'चालू_2025-26_ऑडिट', 'ड_कोटेशन' असं. विंडोजमध्ये रंगावरून शोधता येत नाही आणि रंगाने क्रमही लावता येत नाही, नावाने दोन्ही येतं. शिवाय नाव पेनड्राइव्हवरून, मेलवरून, कुठूनही सोबत जातं. ऑडिटरकडे रंग उडाला तरी अक्षर राहील.

मुलाला विचारून ते सॉफ्टवेअर कुठून उतरवलं ते बघाच, असल्या फुकट गोष्टींच्या इन्स्टॉलरमध्ये नेक्स्ट नेक्स्ट करताना भलतंसलतं सोबत येतं. तीनच रंग असतील तर सॉफ्टवेअर लागतही नाही, फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, चेंज आयकॉन, आणि तिथे आपल्या आवडीची डॉट आयसीओ फाइल, म्हणजे आयकॉनच्या चित्राची फाइल, द्यायची. ती फाइल लॅपटॉपवर एकदा ठेवली की हलवू नका बरं का. एवढीही खटपट नको असेल तर गुगल ड्राइव्ह बरा, तिथे रंग द्यायची सोय आतच आहे, फोल्डरवर राइट क्लिक करून ऑर्गनाइझमध्ये बघा.

(पार्किंगची भांडणं लालमध्ये टाका. ती कायमच असतात.)

प्रश्न : माझ्याकडे मॅक आहे. वरच्यासारखं काही आहे का? (पुणे)

उत्तर : तुमचं बरं आहे. मॅकमध्ये रंग ही शोभा नाही, टॅग आहे, 2013 पासून. सात रंग मिळतात, आणि फाइंडरच्या (मॅकमध्ये फोल्डर उघडून बघायची खिडकी) सेटिंग्जमध्ये जाऊन 'रेड'चं नाव बदलून 'कायम' करता येतं. डावीकडच्या पट्टीत त्यावर क्लिक केलं की त्या रंगाचं सगळं, कुठल्याही फोल्डरमध्ये असो, एका यादीत समोर. इतकी वर्षं फोल्डरच्या नावाशेजारी नुसता ठिपका यायचा, 2025 च्या टाहो आवृत्तीपासून अख्खा फोल्डर रंगवता येतो. मात्र विंडोजवाल्याला फोल्डर दिलात तर त्याला यातलं काही दिसणार नाही, त्यामुळे नावाचं अक्षर तुम्हालाही लागणारच.

प्रश्न : सूनबाईंनी माझ्या कॉम्प्युटरवर बिलांचे फोल्डर लावून दिलेत, भरलेली हिरव्यात, भरायची लाल. मला दोन्ही सारखेच मळकट दिसतात. सांगायला संकोच वाटतो. वय 68. (कोल्हापूर)

उत्तर : काका, संकोच कसला, सांगून टाका. लाल-हिरवा फरक नीट न दिसणं हे पुरुषांमध्ये बरंच असतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, बायकांकडे एक्स दोन, त्यामुळे एकात खोट असली तरी दुसरं सांभाळून घेतं, आपल्याकडे एकच. बहुतेकांना ते जन्मापासून असतं आणि कळतच नाही. तुम्हाला पूर्वी फरक दिसायचा आणि आता दिसत नाही असं असेल तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आधी जाऊन या, मोतीबिंदूतही रंग फिके पिवळट होतात.

सूनबाईंना म्हणावं निळा आणि नारिंगी लाव, आणि एक गडद, एक फिका. बरोबर निवडलेत का हे तपासायला विंडोजच्या सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कलर फिल्टर्स, तिथे ग्रेस्केल चालू करायला सांगा. सगळी स्क्रीन जुन्या टीव्हीसारखी काळी-पांढरी होते. त्यातही दोन फोल्डर वेगळे ओळखू आले तर जमलं. आणि भरायच्या फोल्डरचं नाव '1_भरायची' ठेवा म्हणजे तो कायम वर राहील, विजेचं बिल तरी चुकणार नाही.