जॉर्जेत्तो जुजारो कोण? महागड्या गाड्यांच्या डिझायनरचं आपल्याला काय?

'महागड्या' हा शब्द आधी बाजूला ठेवू. आमच्या घरातली पहिली गाडी सेकंडहँड मॅटिझ. सोसायटीतली पोरं तिला बेडूक म्हणायची. ते डिझाइन जुजारोंच्या कंपनीचं. मुळात ते त्यांनी फियाटसाठी 'लुच्चोला' नावानं केलं होतं (लुच्चेपणाशी संबंध नाही, इटालियनमध्ये काजवा). फियाटनं नाकारलं आणि देवू या कोरियन कंपनीनं उचललं.

जुजारोंचा जन्म १९३८चा, इटलीतल्या पिएमाँत भागातल्या गारेस्सिओ गावचा. आजोबा आणि वडील दोघंही चित्रकार, चर्चच्या भिंती रंगवणारे. हा मुलगा तुरीनला चित्रकला शिकायला गेला. त्यानं काढलेली गाड्यांची चित्रं फियाटचे इंजिनिअर दांते जाकोसा यांच्या नजरेत भरली आणि सतराव्या वर्षीच तो फियाटमध्ये लागला. पुढे बेर्तोने, मग गिया, दोन्ही गाड्यांची डिझाइनं करणाऱ्या कंपन्या. मासेराती गिब्ली ही स्पोर्ट्स कार गियातली. १९६८ मध्ये आल्दो मांतोवानींबरोबर त्यांनी इटालडिझाइन ही स्वतःची डिझाइन कंपनी काढली. पोस्टरवाल्या गाड्या म्हणाल तर लोटस एस्प्री आणि बिनरंगाच्या स्टीलची डिलोरियन याही त्यांच्याच.

पण मला विचाराल तर खरा माणूस दिसतो तो स्वस्त गाड्यांत. १९७४ची फोक्सवॅगन गोल्फ घ्या. कागदाला घडी घालावी तशा सरळ कडा. त्यांनी हेडलाइट चौकोनी काढले होते, कंपनीनं खर्च वाचवायला गोल बसवले. १९८०च्या फियाट पांडात तर काटकसर हेच डिझाइन झालं. वाकवलेली काच महाग पडते, म्हणून सगळ्या काचा सपाट. डॅशबोर्डच्या जागी कापडी खिसा, त्यात काहीही कोंबा. सीटची कव्हरं काढून धुता येतात, मागची सीट पसरली तर बिछाना होतो. ही गाडी म्हणजे जीन्सची पँट, असं ते स्वतः म्हणायचे. दिसायला डबा, पण १९८१चा कोंपास्सो दोरो हा इटलीतला डिझाइनचा मोठा पुरस्कार तिलाच मिळाला.

ह्युंदाईची पहिली स्वतःची गाडी पोनी, निकॉनचा एफ३ कॅमेरा, ही कामंही त्यांचीच. पास्तासुद्धा केला, 'मारिल्ले' नावाचा, लाटेसारखा. तो काही चालला नाही. एकसारखा शिजायचाच नाही म्हणे!

१९९९ मध्ये त्यांना 'शतकातला कार डिझायनर' ठरवलं. २०१०ला इटालडिझाइनचा मोठा हिस्सा फोक्सवॅगन समूहाकडे गेला. २०१५ मध्ये ते बाहेर पडले आणि मुलगा फाब्रित्सिओ याच्यासोबत नवी कंपनी थाटली.

फियाटची जुनी पुंटो अजून रस्त्यात दिसते. आपल्याकडची ती रांजणगावात बनायची, डिझाइन यांचंच. पुढे थांबलेली दिसली तर मागचे दिवे बघा. बंपरजवळ नाहीत, वर काचेच्या दोन्ही बाजूंना आहेत. पार्किंगमध्ये कुणी मागून टेकवली तरी सहसा शाबूत राहतात.